कार्ड पुसण्याची घाई कशाला?

लग्नाचे फोटो कॉम्प्युटरवर घेतले आणि त्यातले काही उघडेनात, की मीरा रोड-भाईंदरचा फोटोग्राफर सहसा दोन गोष्टी करतो. आधी नेटवर मिळेल ते रिकव्हरीचे सॉफ्टवेअर उतरवून रात्रभर चालवतो. त्याने भागले नाही तर हार्ड डिस्क पाठीवरच्या बॅगेत टाकून ग्रँट रोड गाठतो, कारण लॅमिंग्टन रोडवर डेटा परत मिळवून देणाऱ्यांची दुकाने आहेत. दोन्ही वेळा त्याच्या हातात असते ती बिघडलेली नक्कल. ज्या मेमरी कार्डावर फोटो धडधाकट होते ते कार्ड एव्हाना फॉरमॅट होऊन पुन्हा कॅमेऱ्यात गेलेले असते आणि दुसऱ्या कुणाच्या हळदीचे फोटो टिपत असते. ते कार्ड पुसण्याची इतकी घाई कशाला होती, हा प्रश्न या सगळ्या धावपळीत कुणीच विचारत नाही. कॉम्प्युटरवर घेताना खराब झालेला रॉ फोटो परत मिळणे ही सॉफ्टवेअरची करामत कमी आणि मूळ कार्ड शाबूत असण्याची बाब जास्त, असे माझे म्हणणे आहे. आणि कार्ड केव्हा पुसायचे, याचा नियम आपल्याकडे ना धंद्याने घालून घेतला आहे, ना ग्राहकाने कधी मागितला आहे.

मीरा-भाईंदरच्या संदर्भात हे मांडायला कारण आहे. येथे महापालिका आली २००२ मध्ये, आणि २०११ च्या जनगणनेपर्यंत लोकसंख्या आठ लाखांवर गेली होती. एवढ्या मिश्र वस्तीत लग्नाचा असा एकच हंगाम उरत नाही. तुळशीचे लग्न लागले की हिंदू मुहूर्त सुरू होतात. उत्तनकडच्या ईस्ट इंडियन घरांत उपासकाळ टाळून नाताळानंतरचे, नाहीतर ईस्टरनंतरचे दिवस धरतात, आणि आदल्या दिवशी उंबराचे पाणी वाजतगाजत विहिरीवरून येते. नयानगरमधले निकाह रमजान-मोहरम सोडून इतर महिन्यांत होतात. आगरी-कोळी हळद रात्रभर चालते, तर भाईंदरच्या मारवाडी, गुजराती, जैन कुटुंबांचे सोहळे दोन-तीन दिवस पसरतात. म्हणजे काशीमिऱ्याच्या आणि घोडबंदर रस्त्याच्या लॉनवर कॅमेरा फारसा थंड होत नाही, आणि कार्डही होत नाही. ऑर्डर घेणारा एक असतो, प्रत्यक्ष शूटिंगला 'पर डे'वर बोलावलेली दोन-तीन मुले असतात. कार्यक्रम संपला की हॉलच्या मागच्या खोलीत, पंगत उठत असताना, लॅपटॉपवर 'डेटा घेतला' जातो आणि कार्ड मुलाच्या हातात परत दिले जाते, कारण सकाळी त्याला वसईला दुसरे काम असते. पुढे हार्ड डिस्क एडिटरकडे जाते, तिथून निवडक फोटो अल्बमच्या लॅबकडे. या साखळीत सगळे फोटो एकेक करून उघडून पाहणे हे कुणाचेच काम नसते. बिघाड कळतो तो पंधरवड्यानंतर, अल्बमसाठी निवड करायला बसल्यावर.

रोलच्या जमान्यात ही वेळ येत नव्हती, असे नाही. रोल धुताना खराब होत, कॅमेऱ्यात उजेड शिरे. पण एकदा धुतलेली निगेटिव्ह हाताला लागत होती, खिडकीसमोर धरून पाहता येत होती, आणि कुणी ती पुसून तिच्यावर पुन्हा फोटो काढत नव्हते. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा मुंबई आणि उपनगरांत तळमजल्यावरच्या कितीतरी घरांतले अल्बम भिजून गेले. ज्यांच्या निगेटिव्ह कोरड्या जागी होत्या त्यांना पुन्हा प्रिंट काढण्याची सोय तरी होती. आताची निगेटिव्ह म्हणजे ते कार्ड. पण ती जास्तीत जास्त रात्रभर जगते. मूळ वस्तू स्वतःच्या हाताने नष्ट करून नकलेवर विसंबणे, तेही ती नक्कल न तपासता, ही पद्धत फोटोग्राफीत इतकी अंगवळणी पडली आहे की ती चमत्कारिक आहे हेच आपल्या लक्षात येत नाही.

रॉ फाइलचे बिघडणे नेमके कसे असते ते जवळून पाहायला हवे, कारण फसगत तिथेच होते. कॅमेऱ्याच्या सेन्सरने टिपलेले आकडे, रंग-उजेडाचे संस्कार न करता, जसेच्या तसे साठवले की ती रॉ फाइल. कॅननची सीआर२ किंवा सीआर३, निकॉनची एनईएफ, सोनीची एआरडब्ल्यू ही तिची घरोघरची नावे. २४ मेगापिक्सेलचा सेन्सर आणि दर पिक्सेलमागे १४ बिट धरले तर न दाबलेली एक फाइल ४२ एमबीची होते. दाबून साठवली तर साधारण पंचवीस-तीस एमबीवर येते. दाबण्याच्या बऱ्याच पद्धतींत प्रत्येक पिक्सेलचा पूर्ण आकडा न लिहिता शेजारच्या पिक्सेलपेक्षा तो किती वेगळा आहे एवढेच लिहितात, आणि तेही कमी-जास्त लांबीच्या खुणांनी. त्यामुळे मधली एक खूण चुकली की पुढच्या सगळ्या खुणांचे वाचन घसरते. न दाबलेल्या फाइलमध्ये एक बिट उलटला तर एक ठिपका बिघडतो आणि तो कुणाला दिसतही नाही. दाबलेल्या फाइलमध्ये तोच एक बिट नवरीच्या कपाळापासून खालचा सगळा फोटो गुलाबी-हिरव्या पट्ट्यांत बुडवू शकतो. सोनीच्या जुन्या दाबण्याच्या पद्धतीत सोळा-सोळा पिक्सेलचे स्वतंत्र गठ्ठे असल्याने नुकसान त्या गठ्ठ्यापुरते राहते. पण फोटोग्राफर कॅमेरा घेताना हे पाहून घेत नाही, आणि त्याने पाहावे अशी अपेक्षाही नाही.

फसगत होते ती दुसऱ्या गोष्टीमुळे. प्रत्येक रॉ फाइलच्या पोटात कॅमेऱ्याने स्वतःच तयार केलेला एक छोटा-मोठा जेपेग फोटो असतो. कॅमेऱ्याच्या पडद्यावर आणि फोल्डरच्या जाळीत दिसतो तो हाच. त्यामुळे मूळ आकड्यांचा चुथडा झालेला असला तरी फोल्डरमधल्या चौकटी छान दिसतात. लाइटरूममध्ये आयात करतानाही सुरुवातीला छान दिसतात. मग सॉफ्टवेअर खरी फाइल वाचायला घेते आणि डोळ्यांदेखत अर्धा फोटो राखाडी होतो. म्हणजे 'मी तपासले होते, सगळे फोटो दिसत होते' असे म्हणणारा फोटोग्राफर खोटे बोलत नसतो. त्याने पाहिले ते वरचे कव्हर. फाइलच्या साइझचेही तेच. विंडोजमध्ये मोठी फाइल उतरवताना तिची जागा बऱ्याचदा आधीच पूर्ण आखली जाते आणि मजकूर नंतर भरला जातो; मध्येच वीज गेली किंवा केबल निसटली तर साइझ बरोबर दिसणारी, पण शेपटीकडे नुसती शून्ये असणारी फाइल मागे राहू शकते. फोटोंची संख्या जुळली, एकूण जीबी जुळले, म्हणजे माल पोचला, हा हिशेब म्हणूनच कच्चा आहे.

मग बिघडते कुठे? लोक आधी कार्डाला दोष देतात आणि बऱ्याचदा तो चुकीचा असतो. कार्डाच्या आत चुका दुरुस्त करणारी यंत्रणा असते, कार्ड आणि रीडर यांच्या दरम्यान प्रत्येक तुकड्याची पडताळणी होते, यूएसबीच्या तारेतही होते. पडताळणी नसते ती लॅपटॉपच्या रॅममध्ये. टोरांटो विद्यापीठ आणि गुगल यांनी २००९ मध्ये गुगलच्या सर्व्हरांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात साधारण तिसऱ्या हिश्श्याच्या यंत्रांत वर्षातून एकदा तरी रॅमची चूक नोंदली गेली होती. त्या सर्व्हरांच्या रॅमला चूक ओळखून सुधारण्याची सोय होती. आपल्या साध्या लॅपटॉपला ती नसते, त्यामुळे चूक घडली तरी नोंद होत नाही. युरोपातल्या सर्न या संशोधन संस्थेने २००७ मध्ये आपल्या साठवणीची अशीच झडती घेतली, तेव्हा कुठलाही इशारा न देता बिघडलेल्या फाइली तिथेही सापडल्या. जगातली निगुतीने राखलेली यंत्रे जर गुपचूप चुकत असतील, तर हॉलमधल्या एक्स्टेन्शन बोर्डावर, तीन यंत्रे लावलेल्या स्वस्तातल्या यूएसबी हबवरून, जनरेटर बदलत असताना केलेली कॉपी चुकणारच नाही असे कोण म्हणेल? त्यात घाईची भर. पडद्यावरची हिरवी पट्टी भरली की डिस्क उपटायची, ही सवय सार्वत्रिक आहे. पट्टी भरलेली असली तरी शेवटचा मजकूर कधीकधी अजून रॅममध्येच असतो आणि डिस्कवर उतरायचा असतो. 'इजेक्ट' म्हणा असे कॉम्प्युटर सांगतो ते त्यासाठीच.

आता परत मिळवण्याकडे वळू. कार्ड पुसलेले नसेल तर काम अगदी साधे आहे आणि त्याला पैसे पडत नाहीत: दुसरा रीडर, दुसरी केबल, शक्य तर दुसरा लॅपटॉप घ्यायचा आणि बिघडलेले फोटो पुन्हा उतरवायचे. बिघाड वाटेत झाला असेल तर मूळ फाइल धडधाकटच निघते. कार्ड फॉरमॅट झाले, पण त्यावर नवे काही काढलेले नाही, तरीही बरीच आशा असते. बहुतेक कॅमेऱ्यांचे साधे फॉरमॅट फक्त अनुक्रमणिका पुसते, फोटो जागेवर राहतात. अशा वेळी कार्डाला हात न लावता आधी त्याची संपूर्ण प्रतिमा फाइलमध्ये उतरवून घ्यावी आणि शोध त्या प्रतिमेवर घ्यावा. क्रिस्तोफ ग्रेनिए यांचे फोटोरेक हे सॉफ्टवेअर अशा कामासाठी फुकट मिळते आणि पैसे घेणाऱ्या बऱ्याच सॉफ्टवेअरांपेक्षा काही कमी नाही. कॅमेरा फोटो सलग लिहीत जातो, त्यामुळे ते शोधणे सोपे जाते. मधले-मधले नकोसे फोटो कॅमेऱ्यातच डिलीट करण्याची सवय असेल तर नवे फोटो त्या फटींत तुकड्या-तुकड्यांनी बसतात आणि शोध अवघड होतो. कॅमेऱ्यातले लो-लेव्हल फॉरमॅट वापरले असेल तर मात्र आशा सोडावी. आणि त्या कार्डावर वसईचे लग्न काढून झाले असेल, तर जिथे जिथे नवा फोटो बसला तिथला जुना फोटो गेला. लॅमिंग्टन रोडवरच काय, जगात कुठेही तो मिळणार नाही.

हातात फक्त बिघडलेली नक्कल उरली असेल तर दुधाची तहान ताकावर भागवावी लागते. फाइलच्या पोटातला तो जेपेग एक्झिफटूलसारख्या फुकट साधनाने बाहेर काढता येतो. कॅनन-निकॉनच्या अनेक मॉडेलांत तो पूर्ण आकाराचा असतो, म्हणजे अल्बमला चालेल असा. सोनीच्या बऱ्याच मॉडेलांत मात्र तो १६१६ बाय १०८० पिक्सेलचाच, म्हणजे हाताएवढ्या प्रिंटपुरता. फाइलचा फक्त मथळा बिघडला असेल तर त्याच कॅमेऱ्याच्या, त्याच सेटिंगच्या चांगल्या फाइलचा मथळा जोडून कधीकधी फोटो उघडतो. पण जिथे आकड्यांच्या जागी शून्ये आहेत तिथे काढण्यासारखे काही नाहीच. 'करप्ट फोटो शंभर टक्के रिपेअर' अशी जाहिरात करणारे बहुतेक वेळा तो पोटातला जेपेगच काढून मोठा करून देतात. हे फसवे आहे असे म्हणायला माझी हरकत नाही.

इथे पहिला आक्षेप येतो: आता एआय आले आहे, ते फोटोचा गेलेला भाग भरून देते, मग एवढी चिंता कशाला? एआय भरून देते हे खरे आहे. पण ते जे भरते ते तिथे होते म्हणून भरत नाही, तिथे साधारण काय असू शकते म्हणून भरते. मांडवाची झालर भरली तर कुणाचे काही बिघडत नाही. पण राखाडी पट्ट्याखाली आजीचा हात नवरीच्या डोक्यावर होता की खांद्यावर, हे ते सांगू शकत नाही, आणि आजी पुढच्या वर्षी नसली तर त्या बनावट हाताला आठवण म्हणायचे का, हे ज्याचे त्याने ठरवावे. निदान ग्राहकाला ते सांगितले गेले पाहिजे. मी तर म्हणेन, अर्धा राखाडी फोटो तसाच ठेवलेला बरा.

नक्कल मूळ वस्तूशी जुळते का, हा प्रश्न फोटोग्राफरांच्या आधी न्यायालयांना सोडवावा लागला आणि तोही महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालन्यात अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले. कैलास गोरंट्याल यांनी निवडणुकीला आव्हान दिले. मुद्दा होता उमेदवारी अर्ज मुदतीत दाखल झाला की नाही, आणि पुरावा होता निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयात चाललेले व्हिडिओ चित्रीकरण. न्यायालयात आल्या त्या त्याच्या सीडी. २०१७ मध्ये औरंगाबाद खंडपीठाने निवडणूक रद्द ठरवली. १४ जुलै २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला, पण त्याबरोबर एक नियम पक्का केला: मूळ यंत्र न आणता नक्कल आणायची असेल तर कायद्याने सांगितलेले प्रमाणपत्र हवेच, तोंडी साक्षीवर भागणार नाही. गोरंट्याल यांनी ते प्रमाणपत्र मिळवण्याचे सगळे प्रयत्न केले होते आणि अधिकाऱ्यांनी ते दिले नव्हते, म्हणून त्यांच्यापुरती सवलत मिळाली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेला भारतीय साक्ष्य अधिनियम त्याच्या पुढे गेला आहे. त्यातल्या प्रमाणपत्राच्या नमुन्यात फाइलचा हॅश आणि तो कोणत्या पद्धतीने काढला हे लिहावे लागते.

हा हॅश म्हणजे फाइलच्या प्रत्येक बिटावरून गणिताने काढलेला ओळख-आकडा. एमडी५ पद्धतीत तो बत्तीस अक्षरांचा, शा-२५६ मध्ये चौसष्ट अक्षरांचा असतो. फाइलमधला एक बिट बदलला की पूर्ण आकडा बदलतो. कार्डावरच्या फाइलचा आणि डिस्कवरच्या फाइलचा हॅश एक आला, की नक्कल बिनचूक उतरली यात शंका उरत नाही. फोटो उघडून पाहण्याचीही गरज नाही. यासाठी महागडे काही लागत नाही. टेराकॉपीसारखी साधने कॉपी करतानाच हे करतात. डीएनजी या रॉ प्रकारात तर अशी खूण फाइलच्या आतच ठेवण्याची सोय आहे. एकच पथ्य पाळायचे: कॉपी झाल्यावर डिस्क इजेक्ट करून, काढून, पुन्हा जोडावी आणि मग ताडावे. लगेच ताडले तर कॉम्प्युटर कधीकधी रॅममधलीच ताजी प्रत वाचून 'सगळे ठीक' म्हणतो. सोने घेताना आपण सोनाराच्या काट्यावर वजन पाहतो आणि मोठा दागिना असेल तर बाहेर दुसऱ्या काट्यावरही पाहतो. त्यात सोनाराचा अपमान आहे असे कुणाला वाटत नाही. फोटो ताडून घेण्यातही कुणाचा अपमान नाही.

हे कागदावर ठीक, प्रत्यक्षात रात्री बारा वाजता कोण करणार, हा दुसरा आक्षेप. तो गंभीर आहे, म्हणून हिशेबच मांडतो. एका लग्नात तीन हजार रॉ फोटो, प्रत्येकी तीस एमबी धरले तर ९० जीबी झाले. सेकंदाला ९० एमबी वाचणारा रीडर असेल तर उतरवायला सतरा मिनिटे लागतात, ताडण्यासाठी कार्ड पुन्हा वाचायला आणखी सतरा. डिस्क वाचण्याचा वेळ वेगळा, पण चांगल्या एसएसडीवर तो थोडाच असतो. जुना यूएसबी २ रीडर असेल तर नुसत्या कॉपीलाच पाऊण तास जातो आणि मग ताडायला कुणी थांबत नाही. म्हणजे अडचण ताडण्याची नाही, जुन्या रीडरची आहे, आणि रीडर ही त्या बॅगेतली सर्वांत स्वस्त वस्तू. लाखाचा कॅमेरा आणि पदपथावरून घेतलेला रीडर, ही आपल्याकडची ठरलेली जोडी आहे. पदपथावरच्या कार्डांचेही तेच. लिहिलेली क्षमता खरी नसणारी बनावट कार्डे बाजारात सर्रास मिळतात आणि भरत आल्यावर जुन्याच फोटोंवर नवे लिहीत सुटतात.

आणि काम होत नाही असेही नाही. मीरा रोड आणि काशीमिरा भागात मालिकांची चित्रीकरणे चालतात. मोठ्या चित्रीकरणात डेटा सांभाळायला स्वतंत्र माणूस असतो, कार्ड त्याच्या हाती गेले की दोन ठिकाणी उतरवतो, ताडतो, आणि त्याने होकार दिल्याशिवाय कॅमेरावाला कार्ड पुसत नाही. हे त्यांनी काही पुण्यकर्म म्हणून सुरू केलेले नाही. एका दिवसाचे चित्रीकरण पुन्हा करायला किती पैसे जातात हे निर्मात्याला ठाऊक असते. लग्नवाल्याकडे ती शिस्त नाही, कारण लग्न पुन्हा लावायचे नसते. नुकसानाचा आकडा कुणाच्याच वहीत चढत नाही. जे पुन्हा करता येते त्याची काळजी जास्त आणि जे कधीच पुन्हा होणार नाही त्याची कमी, असा हा उलटा व्यवहार आहे.

दोन कार्डांचा कॅमेरा असला की झाले, असेही सांगितले जाते. दोन कार्डांवर एकाच वेळी लिहिणे चांगलेच आहे, पण ते कार्ड निकामी होण्यापासून वाचवते, वाटेतल्या बिघाडापासून नाही. दोन्ही कार्डे एकाच रात्री, एकच कॉपी घेऊन पुसली तर दुसऱ्या कार्डाचा उपयोग शून्य. रॉ सोडून जेपेगच काढा, हा सल्लाही तसाच. जेपेगही दाबलेलाच असतो आणि एका बिटाने तसाच कोलमडतो. क्लाउडवर चढवतो म्हणणाऱ्याने चढवावे. पण बिघडलेली फाइल चढवली तर क्लाउड तिला तितक्याच निष्ठेने सांभाळतो. बाकी 'हजारात एखादा फोटो जातो, त्याचे काय एवढे' हे म्हणणे मला पटत नाही. तो एखादा फोटो अक्षता पडतानाचा आहे की जेवणाच्या पंगतीतला, हे बिट ठरवत नाहीत.

कार्डांचा खर्च हा खरा उरलेला मुद्दा. कार्ड अडकून पडले तर जास्त कार्डे लागतील, आणि पर डेच्या मुलाला ते परवडणार नाही. बरोबर आहे. म्हणूनच कार्ड त्या मुलाचे नसावे. ऑर्डर ज्याने घेतली त्याने कार्डे पुरवावीत, काम संपले की परत घ्यावीत आणि आपल्याकडे ठेवावीत. एका लग्नाला लागणारी कार्डे त्या लग्नाच्या अल्बमच्या खर्चापुढे किरकोळ असतात आणि पुढची काही वर्षे चालतात. नियमही फार कडक नको. दोन जागी उतरवलेल्या प्रती हॅशने जुळल्याशिवाय कार्ड पुसायचे नाही, एवढेच. ताडणे जमत नसेल तर ग्राहकाने सगळे फोटो मोठे करून पाहीपर्यंत पुसायचे नाही.

या सगळ्यात ग्राहक निव्वळ बळी आहे, असे मी मानत नाही. घासाघीस करताना आपण ड्रोन मागतो, प्री-वेडिंग मागतो, अल्बमची पाने वाढवून मागतो आणि दर मात्र खाली आणतो. फोटो सांभाळणार कसे हे विचारत नाही. फोटोग्राफर मग बिलाच्या मागे बारीक अक्षरांत छापतो की डेटा गेल्यास आम्ही जबाबदार नाही, फार तर पैसे परत. असे छापले म्हणजे तो सुटला असे नव्हे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने सेवेतल्या त्रुटीच्या व्याख्येत हलगर्जीपणाही घातला आहे. ग्राहक जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगाकडे तक्रार करता येते, म्हणजे लग्न कोल्हापूरला झाले तरी मीरा रोडच्या रहिवाशाला ठाणे जिल्ह्यात दाद मागता येते; मुदत दोन वर्षांची. पण आयोग फार तर भरपाई देईल, फोटो देणार नाही. बैल गेला आणि झोपा केला, त्यातलीच ही गत. आणि फोटोग्राफरच्या बाजूनेही पाहा: दोन प्रती ताडल्याची नोंद त्याच्याकडे असेल तर पुढे एडिटरकडे किंवा ग्राहकाच्या पेन ड्राइव्हवर काही बिघडले तर ते आपल्याकडे बिघडले नाही हे त्याला दाखवता येईल. आज तसे दाखवायला त्याच्याकडे काहीच नसते, त्यामुळे दोष कुणाचाही असो, शिव्या त्यालाच बसतात.

तेव्हा यंदा तुळशीच्या लग्नानंतर ज्यांच्या घरी कार्य आहे त्यांनी फोटोग्राफरला आगाऊ रक्कम देताना बिलावर एक ओळ हाताने लिहून घ्यावी: 'दोन प्रती ताडून झाल्याशिवाय कार्ड फॉरमॅट केले जाणार नाही.' त्यासाठी त्याने थोडे पैसे जास्त मागितले तर कुरकुर न करता द्यावेत.